शुद्धलेखनाने केला घात

चोर ओळखण्याची माझी एक खास रीत होती आणि तिचा मला थोडासा गर्वही होता. ई-मेलने येणारी लबाडीची पत्रे मी शुद्धलेखनावरून पकडीत असे. ‘आपला खाते बंद झाली आहे’ असे वाक्य दिसले, की मराठीचा प्राध्यापक मनातल्या मनात लाल पेन्सिल फिरवी आणि पत्र टोपलीत टाकी.

गेल्या श्रावणातल्या एका दुपारी मात्र असे पत्र आले, की त्यात ऱ्हस्वदीर्घाची एक चूक सापडेना! एका सरकारी कचेरीच्या नावाने लिहिले होते: ‘आपला परतावा मंजूर झाला असून सोबतचे ॲप उतरवून घ्यावे.’ काय ते ‘असून’ आणि काय ते ‘घ्यावे’! हल्ली यंत्रेच असे शुद्ध मराठी लिहून देतात, हे ठाऊक असूनही मी भुललो. नुसते पत्र वाचून सहसा काही बिघडत नाही. बिघडते ते पुढे. अनोळखी ठिकाणाहून आलेले ॲप बसवायचे का, असे फोनने विचारले. मी म्हटले, होय. ॲपने संदेश वाचण्याची परवानगी मागितली; तीही दिली. म्हणजे बँकेचा ओटीपी आता माझ्याआधी चोराने वाचायचा! थोड्याच वेळात ॲपचे चित्र पडद्यावरून नाहीसे झाले आणि फोन तव्यासारखा तापला.

मी काय करावे? फोन उशीखाली ठेवला आणि पावसाकडे पाहत बसलो! वरसे म्हणजे रोह्याला खेटून असलेले गाव. इथे दुपारी घडलेले संध्याकाळपर्यंत अष्टमीला कळते. ‘प्राध्यापक फसले’ ही बातमी मला नको होती.

रात्री आठला नागोठण्याहून माझ्या मावशीचा फोन आला, तो सौ.च्या फोनवर. “अगं, बाळ्याने मला काहीतरी सरकारी पाठवलंय. आता पुढे काय दाबायचं?”

माझ्या फोनने माझ्याच नावाने साऱ्या गोतावळ्याला ते ॲप वाटले होते! मी लाज सांभाळत बसलो, त्या पाच तासांत चोर माझा चेहरा लावून घरोघर हिंडत होता. खात्यातून नऊ हजार रुपयेही गेले होते.

मग बारावीतल्या कन्येने सूत्रे हाती घेतली. “बाबा, आधी फोनचं इंटरनेट तोडा!” सौ.च्या फोनवरून बँकेला कळवून व्यवहार थांबवले, १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि नातलगांना ‘ते ॲप घेऊ नका’ असे सांगितले. पुराव्यासाठी पडद्याचे फोटो काढून ठेवले. नंतर फोन सेफ मोडमध्ये सुरू केला. त्यात आपण बसवलेली ॲप्स निजून राहतात. सेटिंग्जमधल्या यादीत लपलेले नाव सापडले. त्याचे ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनचे अधिकार काढून घेतल्यावरच ते हलले. तरी खात्री वाटेना, म्हणून शेवटी फोन पार कोरा केला. पासवर्ड मात्र दुसऱ्या फोनवरून बदलले. चोर घरात असताना त्याच्यादेखत नवे कुलूप लावून काय उपयोग?

फसणारा मी काही पहिला नव्हे. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचे पत्र फिलिपिन्समधून निघाले आणि उघडणाऱ्याच्या पत्त्यांच्या वहीतल्या प्रत्येकाकडे आपोआप गेले. जून २०१७ मध्ये तर आमच्याच रायगड जिल्ह्यात, न्हावा-शेव्याच्या बंदरातील एका टर्मिनलचे काम अशाच संगणकी किडीने अडवले होते. जिथे बोटी खोळंबतात, तिथे प्राध्यापकाने फसण्याची लाज ती किती बाळगावी?

मावशीचे पेन्शन मात्र वाचले. तिला तंत्र कळते म्हणून नव्हे, तर ‘पुढे काय दाबायचं’ हे विचारायला ती लाजली नाही म्हणून! ते विचारायला माझी पदवी आड आली.

दिवाळीच्या फराळाला मावशी येणार आहे. “काय रे बाळ्या, आला का तुझा परतावा?” असे ती चारचौघांत विचारणार, हे नक्की. विचारू दे. या खेपेस उशीखाली काही ठेवायचे नाही, असे मी ठरवले आहे.