झूम लेन्सची निवड : वाईच्या घाटापासून मायणीच्या तलावापर्यंत

छायाचित्राचा विषय किती लांब आहे आणि त्याच्यावर उजेड किती आहे, या दोन गोष्टींवर झूम लेन्सची निवड ठरते. लेन्सवर छापलेला मोठ्यात मोठा आकडा आणि किंमत यांचा विचार त्यानंतरचा. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत अंतर आणि उजेड दोन्ही काही तासांच्या प्रवासात पार बदलतात. वाईत कृष्णेचा घाट हाताच्या अंतरावर असतो, मायणीच्या तलावात रोहित पक्षी शंभर मीटरवर उभा असतो, आणि सांगलीच्या नाट्यगृहात प्रेक्षागृह अंधारात बुडालेले असते. या तिन्ही जागी एकच लेन्स पुरी पडत नाही.

आकड्यांचा अर्थ

लेन्सवरचा ‘२४-१०५ मि.मी.’ हा आकडा नाभीय अंतर, म्हणजे फोकल लेंथ सांगतो. ती जितकी कमी, तितका दृश्याचा कोन मोठा. ३६ × २४ मि.मी.च्या फुल फ्रेम सेन्सरवर २४ मि.मी.ला कर्णाच्या दिशेने सुमारे ८४ अंशांचे दृश्य मावते, ५० मि.मी.ला ४७ अंशांचे, २०० मि.मी.ला १२ अंशांचे आणि ६०० मि.मी.ला जेमतेम ४ अंशांचे. २४-७० किंवा २४-१०५ हे स्टँडर्ड झूम. ७०-२००, १००-४०० आणि २००-६०० हे टेलिफोटो झूम. एपीएस-सी सेन्सर लहान असल्याने त्यावर दृश्याचा कोन दीडपट आकड्याच्या लेन्सइतका अरुंद होतो. कॅननमध्ये हे प्रमाण १.६ आहे, तर मायक्रो फोर थर्ड्समध्ये २. म्हणून एपीएस-सी कॅमेऱ्यावरचा १६-५० मि.मी. झूम फुल फ्रेमवरच्या २४-७५ मि.मी.सारखे काम करतो.

दुसरा आकडा अ‍ॅपर्चरचा. एफ/२.८ला एफ/४च्या दुप्पट आणि एफ/५.६च्या चौपट प्रकाश आत येतो. फोकल लेंथला या आकड्याने भागले की लेन्सला लागणाऱ्या प्रकाशवाटेचा व्यास मिळतो. २०० मि.मी. एफ/२.८साठी तो ७१ मि.मी., तर ६०० मि.मी. एफ/६.३साठी ९५ मि.मी. आहे. समोरची काच त्याहून लहान करता येत नाही.

आरसा गेल्याने काय बदलले?

आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा मायक्रो फोर थर्ड्सचा पहिला डिजिटल कॅमेरा पॅनासॉनिकने २००८ मध्ये बाजारात आणला. डीएसएलआरमध्ये आरशासाठी राखलेली जागा अशा कॅमेऱ्यांत नाहीशी झाली आणि लेन्सची बैठक सेन्सरच्या जवळ आली. निकॉनमध्ये हे अंतर ४६.५ मि.मी.वरून १६ मि.मी.वर आले, कॅननमध्ये ४४ वरून २० वर. मागची काच सेन्सरजवळ नेता येऊ लागल्याने मोठ्या कोनाच्या लेन्सची रचना सोपी झाली. स्टँडर्ड झूमला याचा फायदा मिळतो. लांब टेलिफोटोला तो फारसा मिळत नाही, कारण त्याचा आकार वरच्या भागाकाराने बांधलेला आहे. कॅमेरा हलका झाला तरी ६०० मि.मी.ची लेन्स जडच राहते. रिकाम्या झालेल्या जागेत अ‍ॅडॉप्टरची कडी बसते. त्यामुळे जुन्या डीएसएलआरच्या अनेक चांगल्या लेन्सही वापरता येतात.

स्टँडर्ड झूम : घाट आणि वाडे

वाईत ढोल्या गणपतीच्या देवळापुढे किंवा मेणवलीत नाना फडणविसांच्या वाड्यालगतच्या घाटावर मागे सरकायला मर्यादा असते. दहा मीटरवरून २४ मि.मी.ला १५ मीटर रुंदीचे दृश्य मावते, २८ मि.मी.ला १३ मीटरपेक्षा थोडे कमी. कागदावर चार मिलिमीटरचा वाटणारा हा फरक देवळाचा एक कोपरा कापतो. म्हणून स्टँडर्ड झूम घेताना वरच्या टोकाआधी खालचे टोक पाहावे. भटकंती आणि वास्तू यांसाठी २४-१०५ एफ/४ पुरेसा ठरतो. मंगल कार्यालयातले समारंभ नेहमी टिपणाऱ्याने २४-७० एफ/२.८चा जादा भार सोसावा.

रंगमंच : उजेडाची कसोटी

१८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले, त्या सांगलीत नाटकाचे छायाचित्रण हा जिवंत विषय आहे. रंगमंचापासून बारा मीटरवर बसल्यास ७० मि.मी.ला सुमारे सहा मीटरचा पट्टा टिपता येतो. २०० मि.मी.ला कॅमेरा उभा धरला, तर एक नट डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत येतो. म्हणजे ७०-२०० ही इथली नेमकी लेन्स. एफ/२.८ला १/२५० सेकंद मिळत असेल, तर तेवढ्याच आयएसओला एफ/५.६वर १/६० सेकंदावर यावे लागते आणि नटाचा हलता हात पुसट होतो. स्थिरीकरण छायाचित्रकाराच्या हाताचे कंप थोपवते, समोरच्याची हालचाल नाही.

तलाव : अंतराची कसोटी

खटाव तालुक्यातील मायणीला हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात. शंभर मीटरवर उभ्या, १.२ मीटर उंचीच्या रोहिताची सेन्सरवरील प्रतिमा २०० मि.मी.ला २.४ मि.मी. उंच पडते, ४०० मि.मी.ला ४.८ आणि ६०० मि.मी.ला ७.२. फुल फ्रेमच्या २४ मि.मी. उंचीत हे अनुक्रमे दहावा हिस्सा, पाचवा हिस्सा आणि तीन-दशांश. पक्ष्यांसाठी ४०० मि.मी. ही किमान गरज का मानतात, ते यावरून कळते. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर ती ४.८ मि.मी.ची प्रतिमा सुमारे ८०० पिक्सेल व्यापते, तेवढ्याच मेगापिक्सेलच्या एपीएस-सीवर सुमारे १२००. कमी खर्चात पक्षी टिपणाऱ्यासाठी एपीएस-सी आणि १००-४००ची जोडी म्हणूनच फायद्याची आहे.

उडत्या पक्ष्याला १/२००० सेकंदाच्या आसपास शटर लागते. सकाळच्या उन्हात एफ/६.३ त्याला पुरते. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागली की कितीही महागडी लेन्स स्पष्ट चित्र देत नाही. म्हणून सकाळी लवकर पोहोचणे हाच उपाय.

कास : लांबची लेन्स, जवळचे फूल

२०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेलेल्या कास पठारावर सीतेची आसवे, गेंद, तेरडा ही फुले बोटाच्या पेराएवढी किंवा त्याहून लहान असतात. इथे ‘कमाल विशालन’ हा आकडा पाहावा. काही १००-४०० झूम एक मीटरवरूनही वस्तूच्या एक-तृतीयांश आकाराची प्रतिमा देतात. त्यामुळे पायवाट न सोडता, एकही रोप न तुडवता फूल टिपता येते.

हवामानाचाही विचार हवा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण-खटावला पाचशेच्या आसपास. पश्चिमेकडे लेन्सच्या सांध्यांना पाण्यापासून संरक्षण लागते. पूर्वेकडे धुळीचा त्रास. तिथे नळी बाहेर न येता आतल्या आत झूम होणारी लेन्स बरी.

खरेदीचा क्रम

आधी २४ मि.मी.च्या समकक्ष टोकापासून सुरू होणारा स्टँडर्ड झूम घ्यावा. काही महिन्यांनी स्वतःची छायाचित्रे तपासावीत. प्रत्येक फाइलमध्ये फोकल लेंथ नोंदलेली असते. बहुतेक चित्रे वरच्या टोकाला अडली असतील, तरच टेलिफोटोकडे वळावे : रंगमंचासाठी ७०-२०० एफ/२.८, पक्ष्यांसाठी १००-४०० किंवा २००-६००. विकत घेण्याआधी ती लेन्स एक दिवस भाड्याने वापरून पाहावी. वजन हातालाच कळते. आणि लेन्स कोणतीही असो, चौकट भरत नाही म्हणून पक्ष्याच्या दिशेने पाऊल टाकू नये. थवा उडवून मिळालेल्या चित्रापेक्षा लहान आलेला, निवांत उभा पक्षी केव्हाही चांगला.