ऑपरेशन आत्ता की थांबून बघू? एका चाचणीतून शिकण्यासारखं

समजा, पाथर्डी तालुक्यातल्या एका ऊसतोड कामगाराच्या मणक्यातली गादी सरकलीय. नस दाबली गेल्यामुळे कळ कमरेपासून पोटरीपर्यंत जाते. तो विचारतो, "ऑपरेशन करू का?" तुम्ही पुरावा शोधायला बसता.

नेदरलँड्समधली एक चाचणी २००७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आली. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिकाने त्रस्त असलेल्या २८३ रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले. एका गटाचं लवकर ऑपरेशन. दुसऱ्या गटाला आधी औषधं आणि सल्ला, नाहीच बरं वाटलं तर पुढे ऑपरेशन. वर्षाअखेर दोन्ही गटांत जवळपास ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते.

मग ऑपरेशनचा काही उपयोग नाही, असं लिहून मोकळं व्हायचं का? नाही. आधी दोन गोष्टी बघा.

पहिली, गटबदल. दुसऱ्या गटातल्या ३९ टक्के रुग्णांनी वर्षभरात ऑपरेशन करून घेतलंच. म्हणजे तुलना 'ऑपरेशन की व्यायाम' अशी नव्हती, तर 'आत्ता की थांबून बघू' अशी होती. तरीही या रुग्णांना मूळ गटातच मोजतात. का? कारण गट बदलणारे बहुतेकदा जास्त दुखणारे असतात. त्यांना इकडून तिकडे हलवलं की यादृच्छिक वाटणीचा फायदाच संपतो. गटबदल खूप झाला, तर मात्र दोन्ही गट एकसारखे दिसायला लागतात आणि खरा फरकही झाकला जातो. अमेरिकेतल्या 'स्पोर्ट' चाचणीत नेमकं हेच झालं.

दुसरी, वेळ. लवकर ऑपरेशन झालेल्या गटात बरं वाटायला लागलेल्या काळाचा मध्यक चार आठवडे होता, दुसऱ्या गटात बारा. पगारी रजा असलेल्या माणसाला मधले आठ आठवडे त्रासाचे जातील. पण उचल घेतलेल्या, ऐन हंगामातल्या 'कोयत्या'साठी तेवढ्यात कर्ज वाढतं. मात्र घाईने ऑपरेशनच्या बाजूने कौल देऊ नका. 'बरं वाटणं' म्हणजे तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढता येणं नव्हे. ते या चाचणीने मोजलेलंच नाही.

एक महत्त्वाचं: लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा येणं, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं, अशा रुग्णांना हे आकडे लागू नाहीत. त्यांनी वाट बघायची नसते, ताबडतोब दवाखाना गाठायचा.

तेव्हा आपल्या जिल्ह्यात असा अभ्यास करणार असाल, तर वेदनेच्या गुणांवर थांबू नका. 'पुन्हा मोळी उचलली का, आणि कितव्या आठवड्यात?' हा प्रश्नही प्रश्नावलीत घाला. त्या कामगाराला तेच तर विचारायचं होतं.