ब्योमकेशचा पुण्याचा पत्ता

दूरदर्शनवर १९९३ साली सुरू झालेली ‘ब्योमकेश बक्षी’ ही बासू चटर्जींची मालिका. हिंदीतली असल्यामुळे पुण्यातल्या काय किंवा जबलपूरच्या मराठी घरांत काय, ती सारखीच पोहोचली. गुप्तहेर ब्योमकेश रजित कपूर, त्याचा मित्र अजित के. के. रैना आणि बायको सत्यवती आपली सुकन्या कुलकर्णी.

गोष्टी कलकत्त्याच्या असल्या तरी लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी मुंबईला आले आणि १९५२ पासून पुणेकर झाले. १९३६ नंतर बाजूला ठेवलेला ब्योमकेश त्यांनी १९५१ मध्ये पुन्हा हाती घेतला, त्यामुळे नंतरच्या बऱ्याच कथा पुण्यातच लिहिल्या गेल्या. १९७० साली ते गेले, तेव्हा ‘विशुपाल वध’ अपुरी होती.

मालिकेचं खरं बळ तिच्या संथपणात आहे. ‘पथेर कांटा’त भर रस्त्यात माणसं छातीत ग्रामोफोनची पिन घुसून मरतात, हत्यार म्हणजे सायकलची घंटी! (कथा न वाचलेल्यांनी माफ करावं.) आजचा दिग्दर्शक इथे ढोल बडवेल. चटर्जींनी धोतरातल्या ब्योमकेशला निवांत बोलू दिलं.