‘तेव्हा इथे काहीच नव्हते’

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. ‘आमचे पणजोबा इथे आले, तेव्हा इथे काहीच नव्हते.’ मग रान तोडले, विहीर खणली, चार घरे झाली, देऊळ झाले, शाळा आली आणि गाव उभे राहिले. कुलवृत्तांत लिहायला बसलेला माणूस बहुधा याच वाक्यापासून सुरुवात करतो. वाक्य खोटे नसते, पण पुरेसेही नसते. काहीच नव्हते म्हणजे नेमके काय नव्हते? कोण नव्हते? आणि पणजोबा विहीर खणत होते तेव्हा घर कोण चालवत होते? हे प्रश्न विचारले, की घराण्याच्या गोष्टीचा इतिहास होऊ लागतो.

हे कसे घडते ते पाहण्यासाठी मी अमेरिकेतले एक घराणे निवडले आहे. चार्ल्स आणि कॅरोलाइन इंगल्स हे ते जोडपे. साउथ डाकोटा राज्यातल्या डी स्मेट या लहानशा शेतीप्रधान गावाच्या पहिल्या रहिवाशांत त्यांची गणना होते. गावची वस्ती आजही हजाराच्या आसपासच आहे. या दोघांची मुलगी लॉरा इंगल्स वाइल्डर हिने १९३२ ते १९४३ या काळात आपल्या लहानपणावर मुलांसाठी आठ पुस्तके लिहिली. ती जगभर वाचली गेली आणि पुढे त्यांवर दूरदर्शन मालिकाही निघाली. म्हणजे घरातली गोष्ट आपल्या हाती आहे. दुसरीकडे जनगणनेची पाने, जमिनीचे दाखले आणि कौटुंबिक बायबलमधल्या जन्ममृत्यूच्या नोंदीही आहेत. गोष्ट आणि कागद शेजारीशेजारी ठेवून वाचण्याची अशी सोय फार थोड्या घराण्यांच्या बाबतीत असते.

आधी वंशावळ पाहू. चार्ल्सचा जन्म १८३६ सालचा, न्यूयॉर्क राज्यातला. कॅरोलाइन क्वायनर १८३९ साली विस्कॉन्सिनमध्ये जन्मली. ती पाच वर्षांची असताना तिचे वडील जहाज बुडून गेले. मोठी झाल्यावर तिने काही काळ शाळेत शिकवले. दोघांचे लग्न १८६० साली झाले. विशेष म्हणजे १८५९ ते १८६१ या तीन वर्षांत इंगल्स आणि क्वायनर या दोन घरांमध्ये तीन लग्ने झाली. कॅरोलाइनच्या भावाने चार्ल्सची बहीण केली आणि चार्ल्सच्या भावाने कॅरोलाइनची बहीण. आपल्याकडे याला साटेलोटे म्हणतात. नव्या मुलुखात वसाहत करणारा माणूस एकटा घोडागाडी हाकत निघाला, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. प्रत्यक्षात त्याच्यामागे सोयऱ्याधायऱ्यांचे असे घट्ट जाळे असे. पुढे या जोडप्यावर संकटे आली, तेव्हा आसरा मिळाला तो याच जाळ्यात.

आता कागदांकडे वळू. पहिला कागद १८७० सालच्या जनगणनेचा, कॅन्सस राज्यातल्या माँटगोमेरी परगण्यातला. त्यात हे कुटुंब आहे. तिसरी मुलगी कॅरी त्याच वर्षी ३ ऑगस्टला तिथेच जन्मली. शिरगणती करणाऱ्याने जमिनीच्या किमतीचा रकाना मात्र कोरा ठेवला. कारणही नोंदवले, की ही जमीन ओसेज लोकांची असून वसाहतकऱ्यांचा तिच्यावर मालकी हक्क नाही. चार्ल्सने घर बांधले होते ते ओसेज जमातीसाठी राखून ठेवलेल्या प्रदेशात, आणि तो तेव्हा वसाहतीसाठी खुला झालेला नव्हता. असे हजारो लोक तिथे घुसले होते. त्यांच्या रेट्यामुळे १८७० साली ओसेज लोकांना तो प्रदेश एकरी सव्वा डॉलर दराने विक्रीला सोडावा लागला आणि ते दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात गेले.

लॉरा तेव्हा तीन वर्षांची होती. म्हणजे या भागाबद्दल तिने जे लिहिले ते तिला आठवत असण्यापेक्षा तिने आईवडिलांकडून ऐकलेलेच अधिक होते. १९३५ साली आलेल्या पुस्तकात या प्रदेशाचे वर्णन करताना, तिथे माणसे नव्हती, फक्त इंडियन राहत होते, अशा अर्थाचा मजकूर होता. एका वाचकाने त्यावर हरकत घेतली आणि १९५३ च्या आवृत्तीत ‘माणसे’ या शब्दाच्या जागी ‘वसाहतकरी’ असा अर्थ देणारा शब्द आला. ‘इथे काहीच नव्हते’ या वाक्यात कोण गाळले जाते, हे एका शब्दाच्या दुरुस्तीतून कळते. २०१८ साली तिथल्या ग्रंथपालांच्या संघटनेने बालसाहित्याच्या पुरस्काराला असलेले लॉराचे नाव काढले, ते याच प्रकारच्या लेखनामुळे.

दुसरा कागद मिनेसोटा राज्यातला. कॅन्ससमधून १८७१ साली हे कुटुंब विस्कॉन्सिनमधल्या आपल्या जुन्या घरी परतले, कारण ते घर घेणाऱ्याला पैसे चुकते करता आले नव्हते. १८७४ साली ते मिनेसोटात वॉलनट ग्रोव्हजवळ आले. तिथे टोळधाड आली. रॉकी पर्वताकडून येणाऱ्या टोळांनी १८७३ ते १८७७ या काळात त्या भागातली पिके वारंवार फस्त केली. सरकारी मदतीचे पीठ हवे असेल, तर शेतकऱ्याने आपण पूर्णपणे निर्धन असल्याचे प्रतिज्ञापत्र लिहून द्यायचे, असा नियम होता. १८७५ च्या अखेरीस चार्ल्सने पिठासाठी त्या कागदावर सही केली. मुलांच्या पुस्तकांतला बाप कुणाचे काही न घेणारा, स्वतःच्या हिमतीवर उभा राहणारा आहे. या सहीला तिथे जागा मिळाली नाही.

आणखी एक जागा रिकामी आहे. १ नोव्हेंबर १८७५ रोजी या जोडप्याला मुलगा झाला. त्याचे नाव फ्रेडी. पुढच्या वर्षी शेत विकून हे कुटुंब आयोवाकडे निघाले. वाटेत चार्ल्सच्या भावाकडे मुक्काम असताना २७ ऑगस्ट १८७६ रोजी ते बाळ गेले. दहा महिन्यांचेही झाले नव्हते. आयोवातल्या बर ओक या गावी त्यांनी एका हॉटेलात काम केले. धाकटी ग्रेस तिथेच जन्मली. भाड्याची बाकी देता येईना, म्हणून अखेर रातोरात गाव सोडले. हे सारे लॉराने १९३० साली लिहिलेल्या आत्मकथनात सांगितले होते. ते हस्तलिखित प्रसिद्ध झाले २०१४ साली. आठ पुस्तकांत फ्रेडीही नाही आणि बर ओकही नाही.

यावरून लॉराने लबाडी केली असे म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. घरात गोष्ट सांगताना प्रत्येक जण दुःखाच्या आणि शरमेच्या जागा ओलांडून पुढे जातो. मुलांसमोर तर जातोच. वंशजांनी त्याबद्दल पूर्वजांना दोषी धरू नये. पण ओलांडलेल्या जागा कुठे आहेत, हे त्यांना माहीत असावे.

आता डी स्मेटकडे येऊ. १८७९ साली चार्ल्सला डाकोटा मुलुखात नव्या लोहमार्गाच्या कामावर हिशेबनिसाची नोकरी मिळाली. ती मिळाली तीही बहिणीच्या यजमानांमुळे. म्हणजे पुन्हा तेच सोयऱ्यांचे जाळे. काम थांबल्यावर भूमापकांच्या रिकाम्या घराची राखण करण्याच्या बोलीवर या कुटुंबाने तो हिवाळा तिथे काढला. १८८० च्या वसंतात रेल्वे कंपनीने गावाचे भूखंड आखले. इथे लोक आधी आले आणि मग गाव झाले, असे घडले नाही. रेल्वेने आधी गाव आखले आणि मग लोक आले. गावाला नाव मिळाले ते द स्मेट या बेल्जियन मिशनऱ्याचे. मुलुखाचे डाकोटा हे नाव मात्र तिथल्या मूळ लोकांचे.

१८८० च्या फेब्रुवारीत चार्ल्सने ‘होमस्टेड’ कायद्याखाली जमिनीसाठी अर्ज केला. १८६२ साली अध्यक्ष लिंकन यांनी सही केलेला हा कायदा थोडक्यात असा होता, की जो राहील आणि कसेल त्याची जमीन. कुटुंबप्रमुखाला किंवा एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला नाममात्र शुल्कावर १६० एकर, म्हणजे पाव चौरस मैल जमीन मिळे. तिथे घर बांधायचे, पाच वर्षे राहायचे, जमीन कसायची आणि दोन साक्षीदारांसह तसे सिद्ध करायचे. चार्ल्सने १८८६ साली ते सिद्ध केले. अविवाहित किंवा विधवा स्त्रीलाही या कायद्याने अर्ज करता येई. नवरा नांदत असलेल्या बाईला मात्र सहसा स्वतःच्या नावे करता येत नसे. म्हणून कागदावर नाव राहिले ते एकट्या चार्ल्सचे.

मग कॅरोलाइन कुठे शोधायची? त्या काळच्या जनगणनेत तिच्यासारख्या बायकांच्या व्यवसायापुढे ‘घर सांभाळते’ एवढेच लिहीत. त्या दोन शब्दांत काय काय बसले होते पाहा. १८८० च्या वसंतात गावात पहिली माणसे येऊ लागली, तेव्हा उतरायला दुसरे ठिकाण नव्हते. कॅरोलाइनने त्यांना पैसे घेऊन जेवू घातले, घरात झोपायला जागा दिली. गावातली पहिली प्रार्थनाही त्यांच्याच घरात झाली. त्या वर्षी स्थापन झालेल्या चर्चच्या पहिल्या सभासदांत नवराबायको दोघेही होते. मग आला १८८०–८१ चा हिवाळा. ऑक्टोबरात सुरू झालेली बर्फाची वादळे वसंतापर्यंत थांबली नाहीत आणि जानेवारीनंतर गाडी आली ती थेट मे महिन्यात. कोळसा संपल्यावर गवताचे पिळे करून जाळले, पीठ संपल्यावर कॉफीच्या चक्कीत गहू दळला. त्या हिवाळ्यात त्यांच्या घरात एक तरुण जोडपे आणि त्यांचे तान्हे बाळही राहत होते. पुस्तकात ते जोडपे नाही. असल्या दिवसांत इतक्या माणसांना पुरवून पुरवून खाऊ घालणे, हे गाव वसवण्याचे काम नव्हे तर काय?

थोरली मेरी १८७९ साली, चौदाव्या वर्षी आंधळी झाली. पुस्तकात कारण स्कार्लेट फीवर दिले आहे. जुनी पत्रे आणि बातम्या तपासून काही डॉक्टरांनी २०१३ साली असा निष्कर्ष काढला, की तो विषाणूमुळे झालेला मेंदूचा आणि त्याच्या आवरणाचा दाह असावा. १८८१ साली तिला आयोवातल्या अंधशाळेत पाठवले. डाकोटात तशी शाळा नव्हती, त्यामुळे शिक्षणाचा खर्च तिथल्या सरकारने उचलला. ती १८८९ साली शिक्षण पूर्ण करून परतली. स्वतःच्या हिमतीवर उभ्या राहिलेल्या घरालाही सरकार, शेजारी आणि सोयरे यांचा टेकू होता. तो मान्य केल्याने त्या दोघांच्या कष्टांचे मोल तसूभरही कमी होत नाही.

चार्ल्स १९०२ साली गेला, कॅरोलाइन १९२४ साली. मेरी अविवाहित राहिली. कॅरीला आणि ग्रेसला स्वतःची मुले झाली नाहीत. लॉराला रोझ ही एकच मुलगी जगली. तिच्यामागे १९६८ साली कुणी उरले नाही. म्हणजे आज या जोडप्याचा थेट वंशज एकही नाही. तरीही त्यांचा इतिहास जपला गेला. १९५७ साली गावात स्थापन झालेल्या संस्थेने ते भूमापकांचे घर आणि चार्ल्सने १८८७ साली बांधलेले घर सांभाळले. कॅन्ससमधली त्यांची जागा अभ्यासकांनी जनगणनेचा क्रम आणि जमिनीच्या नोंदी जुळवून शोधली. घराण्याचा इतिहास केवळ रक्ताच्या नात्यानेच टिकतो असे नाही. तो टिकतो चौकशी करणाऱ्या माणसांमुळे.

आपल्या घरची गोष्ट लिहायची असेल, तर यातून घेण्यासारखे बरेच आहे. आजोबांकडून ऐकलेले लिहून काढा, पण सोबत जुने सातबारा, फेरफार, शाळेचे दाखले आणि तीर्थक्षेत्री उपाध्यायांकडे असलेल्या नामावळ्याही पाहा. गोष्ट आणि कागद जुळत नसतील तर घाबरू नका; तिथेच खरी माहिती दडलेली असते. जमीन आपल्या नावावर होण्याआधी तिथे कोण वावरत होते, ते विचारा. अडचणीच्या वर्षी धान्य कुणाच्या घरून आले होते, ते विचारा. लहानपणीच गेलेल्या मुलांची नावे विचारा. आणि वंशवृक्षात पणजोबांच्या नावाशेजारी पणजीचे नाव लिहाल, तेव्हा तिचे माहेरचे नाव आणि गावही लिहा. ते सांगू शकणारे माणूस घरात असेल, तर ही चौकशी फार दिवस लांबणीवर टाकू नका.