भुतांची नावे आणि माणसांची जात

रात्री झोपेत छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते. हात हलत नाही, ओरडावे तर आवाज फुटत नाही. हा अनुभव जगभरच्या माणसांना येतो. स्वप्ने पडतात त्या झोपेत मेंदू अंगाचे स्नायू निश्चल ठेवतो. कधी जाग आधी येते आणि अंग मागाहून सुटते. इंग्रजीतल्या 'नाइटमेअर'मधला 'मेअर' म्हणजे घोडी नव्हे. छातीवर बसून श्वास कोंडणाऱ्या पिशाचाचे ते जुने नाव आहे. अनुभव सर्वांचा एकच. प्रश्न असा की, छातीवर बसणाऱ्याला आपण कोणाचे नाव दिले?

मी पेणच्या खारेपाटातला. आमचे नातेवाईक रोह्याकडे, कुंडलिकेच्या काठच्या गावांत. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी मुंजा, समंध, खवीस, जखीण, हडळ ही नावे मी लहानपणापासून ऐकली. पुढे मोल्सवर्थचा कोश आणि एंथोवेन यांनी १९१५ च्या सुमारास प्रसिद्ध केलेली कोकणच्या लोकसमजुतींची टिपणे चाळली, तेव्हा ध्यानात आले की ही भुतांची यादी नसून गावाची जातवार मोजणीच आहे.

मुंजा हा मुंज झालेल्या पण सोडमुंज न झालेल्या ब्राह्मण मुलाचा. समंध हा शब्द 'संबंध' यापासून आला. मेल्यावरही धनाशी ज्याचा संबंध सुटत नाही तो. आता ज्याच्याजवळ पुरलेले धनच नाही, त्याचा समंध कसा होणार? महारवाड्यातल्या माणसाला ही पदवी मेल्यावरही मिळायची नाही.

खवीस पाहा. अरबी 'खबीस' म्हणजे नीच, ओंगळ. हे नाव मुसलमानाच्या आणि सिद्दीच्या भुताला दिले. रोह्याला लागूनच मुरूड. तेथे आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचे जंजिरा संस्थान १९४८ पर्यंत होते. वेगळ्या वर्णाचा शेजारी अंधारात भूत झाला, आणि शिवी हेच त्याचे नाव ठरले.

बायकांचे हाल याहून वाईट. जखीण ही मूळची यक्षिणी. भारहूत आणि सांचीच्या स्तूपांवर यक्षी सन्मानाने कोरलेल्या आहेत. गावात येईपर्यंत तिची झपाटणारी बाई झाली. बाळंतपणात किंवा विटाळशी असताना मेलेली ती अलवंतीण. जिला सुईण-डॉक्टर मिळाला नाही, जिच्या अंगात रक्त नव्हते, तिच्या मरणाचा जाब कोणी कोणाला विचारला नाही. उलट तिच्याच नावाची भीती घातली.

आणि वीर? लढाईत पडलेल्याचे ते नाव. रोह्याच्या ग्रामदैवताच्या, धावीर महाराजांच्या नावातही हा 'वीर' आहे, आणि त्यांच्या पालखीला पोलिसांची मानवंदना मिळते. म्हणजे मेलेला माणूस देव व्हायचा की भूत, हे तो जिवंतपणी कोण होता यावर ठरते.

सर्वांत घातक शब्द चेटकीण. संस्कृतात चेट म्हणजे चाकर, चेटी म्हणजे दासी. चेटूक, चेटकीण यांचे नाते अभ्यासक याच शब्दाशी जोडतात. जी दुसऱ्याच्या घरी राबते, तिच्यावरच संशय. मुंजा पिंपळावर राहतो, त्याला कोणी मारायला जात नाही. चेटकीण मात्र जिवंत बाई असते. तिला घर असते, पोरे असतात. कोणाचे मूल आजारी पडले, गाय आटली, की बोट तिच्याकडे जाते. ती बहुधा विधवा, एकटी, गरीब असते.

२०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा. एखाद्या बाईला चेटकीण ठरवून छळणे हा आता गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कायदा हात धरू शकतो, जीभ धरू शकत नाही. ते काम आपले आहे. छातीवर दडपण आले तर ते झोपेचे आहे असे पोरांना सांगावे. आणि कोणी चेटकीण म्हणाले, तर त्या बाईचे नाव काय, ती राबते कोणाकडे आणि तिच्या जमिनीवर डोळा कोणाचा, एवढे तीन प्रश्न तेथेच विचारावेत.