देखाव्यातला आकाशपाळणा दहा दिवस फिरवायचाय? मोबाइलचा चार्जर थेट जोडू नका!

गणपतीच्या देखाव्यात जत्रा उभी करायची, तर आकाशपाळणा हवाच. बाजारात दोन पेन्सिल सेलवर चालणारे छोटे पाळणे मिळतात. पहिल्या दिवशी पाळणा झोकात फिरतो, दुसऱ्या दिवशी रेंगाळतो आणि गौरी येईपर्यंत बंद पडतो.

असं का होतं?

चांगल्या अल्कलाइन सेलची क्षमता साधारण २००० मिलिअँपिअर-तास असते. मोटर १०० मिलिअँपिअर करंट ओढत असेल, तर २० तासांत खेळ खलास. दोन सेल एकामागे एक जोडले की व्होल्टेज १.५ वरून ३ होतं, क्षमता मात्र तेवढीच राहते. दहा दिवसांचे २४० तास म्हणजे तब्बल २४ सेल! त्यापेक्षा अ‍ॅडॉप्टर परवडतो.

चार्जर का नको?

मोबाइलचा चार्जर ५ व्होल्ट देतो, पाळण्याला हवेत ३. पाळणा भिंगरीसारखा पळतो (घरातल्या मुलांनी हा प्रयोग बहुधा करून पाहिलेला असतो), मग मोटर तापते, एलईडी जळतात. म्हणून ३ व्होल्टचा डीसी अ‍ॅडॉप्टर घ्या. त्यावर १ अँपिअर लिहिलेलं असेल तर घाबरू नका. पाळणा हवा तेवढाच करंट घेतो. व्होल्टेज मात्र जुळायलाच हवं. माळ्यावरचा जुना एलिमिनेटर काढणार असाल, तर आधी मल्टिमीटर लावा. बटण ३ वर असूनही कमी लोडवर तो बराच जास्त व्होल्टेज देऊ शकतो.

जोडणी कशी?

सगळ्यात आधी सेल बाहेर काढा. सेल आत ठेवून अ‍ॅडॉप्टर लावला, तर ते चार्ज होऊ लागतात. साधे सेल त्यानं गळतात, फुटूही शकतात. सेलच्या डब्यातून मोटरकडे दोन वायर जातात. त्या जिथे जोडलेल्या आहेत, त्याच दोन पट्ट्यांना अ‍ॅडॉप्टरचे प्लस आणि मायनस सोल्डर करा. दोन सेलना एकमेकांशी जोडणाऱ्या समोरच्या पट्टीला हात लावू नका. प्लस-मायनस उलटं झालं तर साधी मोटर उलटी फिरेल, पण गाणं वाजवणारी चिप कायमची जाऊ शकते. प्रत्येक जोडावर इन्सुलेशन टेप हवीच. अ‍ॅडॉप्टर मात्र उघडायचा नाही, त्याच्या आत २३० व्होल्ट असतात.

बटण दाबल्यावर थोडा वेळ फिरून आपोआप थांबणारा पाळणा असेल, तर अ‍ॅडॉप्टर लावूनही तो थांबणारच. तिथे टायमर चिपमध्ये असतो. खरेदी करतानाच सरकत्या स्विचचा पाळणा निवडा.

मोटरचं काय?

वीज अखंड मिळाली, तरी खेळण्यातली मोटर अखंड फिरण्यासाठी बनवलेली नसते. आतले ब्रश झिजतात. पहिल्या दिवशी तासाभरानं मोटरला हात लावून पाहा. चटका बसत असेल तर लगेच बंद करा. आरतीच्या वेळी आणि पाहुणे आल्यावर पाळणा फिरू द्या, रात्री झोपताना अ‍ॅडॉप्टर प्लगमधून काढा. मखरातला कापूस, क्रेप कागद आणि समई यांच्यापासून वायर लांब ठेवा.