एनआरआयच्या फाटकाबाहेर

नवी मुंबईत नेरुळ-सीवूड्सकडे रिक्षात बसून ‘एनआरआय’ एवढंच म्हटलं की पुरतं. अनिवासी भारतीयांसाठी सिडकोने नव्वदच्या दशकात खाडीकाठी बांधलेली ही वसाहत आज पत्ता सांगायची खूण झाली आहे. परदेशातून येणाऱ्यांना वेगळी वस्ती लागेल, असं एका सरकारी नियोजन संस्थेला वाटलं, यातच त्या काळाची समजूत दिसते. येणारा माणूस बदलून येणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत तो खरोखर कितपत बदलला आणि त्याने शहराला काय दिलं, हे बघण्याजोगं आहे.

नवी मुंबईत बदलणं सोपं होतं. 1970 साली सिडको स्थापन झाली, 95 गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या आणि त्यांवर नोडांची, म्हणजे स्वतंत्र उपनगरांची, आखणी झाली. आगरी-कोळी गावं सोडली तर इथे जुनी आळी नाही की ‘आपल्यात असं करत नाहीत’ म्हणून बजावणारी चुलत आजी नाही. शेजारीही कुठून तरी आलेलाच. 1992च्या मे महिन्यात लोकल खाडी ओलांडून वाशीला आली आणि वस्ती भराभर वाढली.

पहिली लाट आखाताची. ऑगस्ट 1990मध्ये इराकने कुवेतचा ताबा घेतला आणि एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानहून लाखाच्या वर भारतीय मुंबईत आणले. पण त्याआधीपासूनच रायगड-रत्नागिरीची माणसं मस्कत-दुबईला होती आणि साठवलेल्या पैशातून पनवेल, वाशी, नेरुळला घर घेण्याची धडपड करत होती. त्यांच्या बॅगांतून दुधाच्या भुकटीचे डबे, टू-इन-वन, अत्तरं, जाड ब्लँकेटं यायची. शेजारी तेवढंच बघायचे. मला मात्र त्या घरांतल्या बायका आठवतात. नवरा दोन-दोन वर्षं तिकडे, त्यामुळे बँकेचा ड्राफ्ट वटवणं, सिडकोचा हप्ता भरणं, मुलाच्या प्रवेशासाठी हेडमास्तरांसमोर बसणं, सगळं त्यांनीच केलं. नवरा कायमचा परतला तेव्हा घरात निर्णय घेणारं दुसरं माणूस तयार झालेलं होतं. परदेशवासाने घडवलेला सगळ्यात खोल बदल हाच, असं मी मानते, आणि तो परदेशी न गेलेल्या माणसांत झाला.

दुसरी लाट संगणकाची. वायटूकेच्या, म्हणजे सन 2000च्या संगणकीय अडचणीच्या, कामांनी तरुण अमेरिकेला गेले. पुढे महापे आणि ऐरोलीला आयटी पार्क उभे राहिले तशी परत यायला जागा झाली. 2008च्या मंदीनंतर कितीतरी कुटुंबं परतली. त्यांनी वस्तूंपेक्षा रीती जास्त आणल्या. जेवल्यावर ताट स्वतः घासायचं, लिफ्टमध्ये अनोळखी माणसालाही ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं, शनिवार-रविवारी ऑफिसचा फोन घ्यायचा नाही. आणि कुणाकडे जाण्याआधी फोन करायचा. या शेवटच्या रीतीवरून घराघरांत दुखावलेपण आलं. ‘माझ्या मुलाकडे यायला मी वेळ मागून घेऊ?’ हा एका सासूबाईंचा प्रश्न मी स्वतः ऐकला आहे. त्यांचं दुःख खरं होतं. सुनेचं म्हणणंही चूक नव्हतं.

एक गोष्ट मला मनापासून आवडली. आमच्या ओळखीच्या एका परतलेल्या बाईंनी कामाला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘महिन्याला चार सुट्ट्या तुमच्या हक्काच्या. पगार कापणार नाही. सोफ्यावर बसूनच चहा घ्या.’ मजल्यावरच्या बाकीच्या घरांनी आधी नाकं मुरडली. पुढे मावशी त्याच अटी दुसऱ्या घरांत मागू लागल्या आणि दोन घरांनी त्या मान्यही केल्या. एका दारातली सवय अशी दुसऱ्या दारात गेली.

पण सगळ्या सवयींचं असं झालं नाही, आणि माझी तक्रार इथेच आहे. सोसायटीच्या आवारात ताशी दहाच्या वेगाने गाडी चालवणारा माणूस पाम बीच रोडवर सुसाट सुटतो आणि अरेंजा कॉर्नरच्या सिग्नलला झेब्रा पट्ट्यांवर गाडी उभी करतो. परदेशात दंडाच्या भीतीने पाळलेली शिस्त भीती सरताच सुटते. ओला-सुका कचरा वेगळा करण्याबद्दल परतलेले लोक फार बोलतात. पण स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर 2020 आणि 2023ला देशात तिसरं आलं, ते मुख्यतः पहाटे झाडू घेऊन निघणाऱ्या, तुर्भ्याच्या कचराभूमीवर राबणाऱ्या कामगारांमुळे. त्यांतल्या फार थोड्यांनी विमान आतून पाहिलं असेल. हे श्रेय त्यांचंच, आणि ते त्यांना स्पष्टपणे दिलं पाहिजे.

‘तिकडे असं नसतं’ हे वाक्य पूर्वी रोज कानी पडायचं. 2020मध्ये, टाळेबंदीत, वंदे भारत मोहिमेच्या विमानांनी लोक परतले तेव्हा ते जवळपास संपलं होतं. तिकडचा कॉफीचा मग, तिकडची मालिका, तिकडचा धान्याचा नाश्ता इथे केव्हाच पोचला होता. आता तर ऑक्टोबर 2025मध्ये उलव्याजवळच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरपासून उड्डाणंही सुरू झाली. जाणं-येणं वाढेल, वेगळेपणा आणखी घटेल.

म्हणून परतणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. तिकडे तुम्ही नगरपालिकेला पत्र लिहीत होता, शाळेत स्वयंसेवक म्हणून जात होता, बागेची बैठक असली की हजर असायचात. ती सवय फाटकाच्या आत ठेवू नका. भारतीय पासपोर्ट असेल तर मतदार यादीत नाव घाला. परदेशी नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड असेल तर मत देता येणार नाही, पण तक्रार करता येते, प्रश्न विचारता येतो. आपल्या प्रभागाचं विभाग कार्यालय कुठे आहे, ते या आठवड्यात शोधून काढा आणि तिथे एकदा जाऊन या.